बिया परत मागणारी बाई

गोंडपिपरीच्या बसस्टँडवर उन्हाळ्यात एक बाई चारं विकायला बसायची. चारोली ज्यातून निघते, ती ही काळी-जांभळी, बोराहून लहान फळं. पळसाच्या द्रोणात भरून द्यायची आणि लगेच पत्र्याचा एक डबा पुढे सरकवायची. "खा भाऊ, पण बी इथीच थुका." कुणी रस्त्यावर थुंकलं, तर उठून ती बी उचलून आणायची.

मी तिथल्या कचेरीत कारकून. म्हातारपणाची काळजी करता करता ताटातलं जेवण गार करणारा माणूस. मला वाटलं, बिया फोडून चारोली विकत असेल. बाई पक्की आहे. एकदा तिला तसं बोललोही.

"अर्ध्या इकाले," ती म्हणाली, "त्याच्यावर पावसाळा निंगते. अर्ध्या जाता-येता जंगलात फेकाले."

"पण उगवतीलच कशावरून?"

डब्यावरची माशी हाकलत ती हसली. "पाखरं कुठी इचारतेत, भाऊ?"

तेवढ्यात बस आली. तोंडातली चारं तशीच घेऊन मी धावत चढलो, डबा मागे राहिला. पाच-सहा बिया गालात धरून खिडकीशी बसलो. गाव संपलं, शेतं संपली, जंगल लागलं, तेव्हा मान बाहेर काढून एकेक बी थुंकलो.

कंडक्टर ओरडला, "ओ भाऊ, काय थुकून राह्यले?"

"थुकून नाई," मी म्हटलं, "पेरून राह्यलो."