अडतिसाव्या किलोमीटरला सासुरवाडी

चिखलातून पन्नास किलोमीटर पळायला पैसे भरावे लागतात, हे मी दुकानात सांगितलं तेव्हा एका शेतकरी गिऱ्हाइकाला माझी दयाच आली. "त्यापरीस माज्या उसात या की," तो म्हणाला. "फुकट पळू देतो. वर जेवान."

सांगलीत माझं पाण्याच्या मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान आहे. आमच्याकडे चढ नावाची गोष्ट फक्त पुलावर मिळते. तरी पन्नाशीला टेकल्यावर मला महाबळेश्वरच्या खालच्या डोंगरातली, भर पावसातली शर्यत पळायची हुक्की आली. मागच्या वर्षी बाविसाव्या किलोमीटरला पोटरीत गोळा आला आणि मी आयोजकांच्या जीपमध्ये बसून, इतरांना हात हलवत परत आलो. यंदा काहीही झालं तरी पुरी करायची होती, तीही ठरलेल्या दहा तासांत. तसं मी गिऱ्हाइकांना, शेजाऱ्यांना आणि कुणी न विचारता न्हाव्यालाही सांगून ठेवलं होतं.

आदल्या दिवशी दुपारी मी आणि बायको शर्यतीच्या ठिकाणी पोचलो, तेव्हा आयोजकांनी जाहीर केलं की वरच्या वाटेवर दरड कोसळली आहे, म्हणून वाट बदलली. नवा नकाशा बघताना चहा माझ्या नाकात गेला. अडतिसाव्या किलोमीटरला माझी सासुरवाडी होती.

आता त्यात नाकात चहा जाण्यासारखं काय, ते सांगायला हवं. चार वर्षांपूर्वी मेव्हण्याच्या लग्नात जावयांना फेटे बांधायचा कार्यक्रम झाला. माइकवरून एकेकाचं नाव पुकारत होते. थोरल्या साडूला फेटा, चुलत जावयांना फेटे, एका जावयाच्या भावालासुद्धा फेटा. माझ्यापर्यंत येईतो फेटे संपले आणि कुणीतरी माझ्या हातात टॉवेल-टोपी ठेवली. अशा वेळी जावयाने रुसायचं आणि सासऱ्याने समजूत काढायची, ही आमच्याकडची रीत. मी रुसलो, इथवर सगळं रीतीला धरून होतं. पण मी वाढलेल्या ताटावरून उठलो, "या गावात पुन्हा पाय ठेवणार नाही," असं सगळ्यांदेखत म्हणालो आणि मांडवातून चालता झालो. बायको हातातला घास हातात धरून बघत राहिली.

तेव्हापासून ती माहेरी एकटी जाते. येताना लाडवांची पिशवी आणते. लाडू मी खातो, कारण शपथ पायाची घेतली होती, तोंडाची नव्हे.

"मग? पळणार का उद्या?" तिने विचारलं.

"पळणार. पळताना निम्मा वेळ पाय हवेतच असतो. गावात पाय ठेवला असं धरायचं कारण नाही."

ती हसली नाही. "मी गेले की वडील दारात येतात," ती म्हणाली. "मी उतरले तरी गाडीकडे बघत राहतात, आणखी कोण उतरतंय का म्हणून."

मी बुटांच्या नाड्या तपासत बसलो.

सकाळी सहाला शिट्टी झाली. पाऊस आडवा येत होता आणि धुक्यात पुढच्या माणसाची फक्त पाठ दिसायची. दुकानदाराने छातीवर हात ठेवून विकलेल्या माझ्या महागड्या बुटांच्या तळाला पहिल्याच उतारावर चिखलाची एकेक जाड भाकरी चिकटली. मी सात वेळा पडलो. आठव्या वेळी पडलो नाही, बसलो. भाताची लावण करणाऱ्या एका म्हातारीने कंबर सरळ करून विचारलं, "आवं, कोन मागं लागलंय का?" मी उठून पुन्हा पळायला लागलो.

दीड वाजता मी सासुरवाडीत शिरलो. बारा किलोमीटर उरले होते आणि चारच्या आत पोचायचं होतं. रेनकोटची टोपी भुवयांपर्यंत ओढली. उरलेल्या तोंडावर चिखलाने आधीच काम केलं होतं. शाळेच्या ओसरीवर गावकऱ्यांनी पळणाऱ्यांसाठी चहा-पाणी मांडलं होतं, आणि तिथे प्रत्येकाच्या हातात पेला देत खुद्द माझे सासरे उभे होते. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, अंगावर जुना खाकी रेनकोट, काखेत प्लास्टिकची पिशवी.

"घ्या पावनं, गुळाचं पानी हाय," ते म्हणाले. मी खाली मान घालून पेला तोंडाला लावला.

"सांगलीचं कोन हाय का मागं? आमचं जावई पळत्यात. पोरीचा फोन आलता. सकाळधरनं बगतोय."

पिशवीतून गुलाबी कापड दिसत होतं. मी घसा खरवडून कुणा दुसऱ्याच्या आवाजात म्हणालो, "मागं लय जण हायेत," आणि पळत सुटलो.

गावाबाहेरच्या चढावर आनंद व्हायला हवा होता. शपथही मोडली नव्हती आणि वेळही हातात होता. पण पाय उचलेना. सरळच सांगतो, मला स्वतःची लाज वाटली. तो म्हातारा अजून शंभर चिखलमाखली तोंडं न्याहाळणार होता, आणि त्यांतलं एकही माझं नसणार होतं. घड्याळात बघितलं. मागे फिरलो तर शर्यत गेली, हे कळायला हिशेब लागत नव्हता. मी फिरलो आणि अर्धा उतार पायांनी, अर्धा बुडाने उतरलो.

सासरे पळणाऱ्यांच्या येण्याच्या वाटेकडे पाठ करून उभे होते. ते चढाकडे बघत होते.

"मामा, मी."

"व्हय."

"मघाशी ओळखलं नाही का?"

"त्वांडावरनं न्हाई. पळाया लागला तवा पाठ बगितली. मांडवातनं जातानाची ध्यानात हाय की."

"मग हाक मारायची."

"तवा मारलीवती," ते म्हणाले. "तीनदा."

मला ठाऊक होतं. मी तिन्ही ऐकल्या होत्या.

काही बोलायच्या आत त्यांनी मला ओसरीवर बसवलं, माझी टोपी मागे सारली आणि चिखलाने भरलेल्या केसांवर फेटा बांधला. मी नाक ओढत होतो. शेजारचे पळणारे फोटो काढत होते.

भिजलेला फेटा बादलीएवढा जड होतो, हे मला पुढच्या बारा किलोमीटरमध्ये समजलं. पोचलो तेव्हा पावणेपाच झाले होते. आयोजक कमान उतरवत होते. "सर, वेळ संपली. मेडल नाही देता येणार," एकजण हळहळत म्हणाला.

बायको छत्री घेऊन उभी होती. किती वेळ लागला, ते तिने विचारलं नाही. फेट्याकडे बघत राहिली, मग त्याचं लोंबणारं टोक दोन्ही हातांनी पिळलं.

"वडिलांचा फोन आला होता," ती म्हणाली. "त्या दिवशीचं ताट राहिलंय म्हणतात. जेवायला बोलावलंय."

मी चिखलासकट तसाच गाडीत बसलो.