तक्क्यांवरसुद्धा संशय

आमच्या सरांचा तक्क्यावरसुद्धा विश्वास नव्हता. मूतखड्याच्या ऑपरेशनला पेशंट पालथा निजवला की छातीखाली आणि कमरेखाली तक्के द्यावे लागतात, मधे पोट मोकळं राहावं म्हणून. मी त्यांच्या हाताखालची डॉक्टर. मी लावलेले तक्के सर चोरीचा माल असल्यासारखे न्याहाळायचे. मग पोटाखाली स्वतःचा हात सरकवून, "दाबतंय की इथं," म्हणत सगळं परत मांडायला लावायचे.

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या हॉस्पिटलात त्यांना पाठीमागे 'सीआयडी' म्हणत. एक्स-रेवरचं नाव, उजवी-डावी बाजू, सगळ्यावर संशय. चहा फिका लागला तरी कपाकडे न बघता माझ्याकडे बघायचे. मला भयंकर राग यायचा.

एकदा सांगोल्याचे हमीदचाचा आले. ट्रक चालवायचे, अंगानं भारी. एक किडनी आधीच काढलेली आणि उरलेल्या एकीत खडा अडकलेला. ती गेली की जन्मभर डायलिसिस. त्यांच्या बायकोला आमचाच संशय. "हाय ती एक, ती बी काढून घ्याल की तुमी!" सर खूश झाले. "बरोबर बोललात भाभी. असंच विचारत राहा."

भूल देण्याआधी पेशंटला जागेपणीच पालथं निजवून बघायची सरांची पद्धत. चाचांना दम लागतो का विचारलं. "न्हाय, लई झ्याक हाय की." ऑपरेशन रद्द होईल या धास्तीनं ते खोटं बोलत होते. सरांना काही ते पटेना. "सोलापूर ते सांगोला वाटेतली गावं म्हणा बघू, मोठ्यानं." तिऱ्हे, कामती झालं आणि बेगमपूर यायच्या आत चाचांना धाप लागली.

"उताणंच करू," सर म्हणाले. उताणं निजवून, कुशीखाली उशी देऊन बाजूनं किडनीत सुई घालायची पद्धत मी पुण्याला शिकून आले होते. त्यावरून आमचे रोज खटके उडत, कारण सरांचा सगळा जन्म पालथ्या पेशंटवर गेलेला. त्या दिवशी स्क्रीनवर किडनी दिसली आणि सरांनी सुई माझ्यापुढे धरली.

"असं करताना मला माझ्या हाताची खात्री नाही. तू घाल."

सुई नेमकी गेली, तिच्याच वाटेनं खडा फुटून निघाला. तेवढा वेळ सरांची नजर माझ्या बोटांवरून हलली नाही. चाचा आपली किडनी घेऊन, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून घरी गेले.

गेल्या वर्षी सर गेले. आता ऑपरेशनं मीच करते. हाताखालचे डॉक्टर माझ्या प्रत्येक गोष्टीला "बरोबर आहे, मॅडम" म्हणतात. माझ्यावर कुणी संशयच घेत नाही आणि त्याचीच मला भीती वाटते.