फॅन बंद, दत्तू चालू

आज सकाळपासून नुसतं शिजतंय. आभाळ भरलंय, पण लिंबाचं पान हलायला तयार नाही. अशा दिवशी आमच्या हुपरीत दोन म्हातारे कट्ट्यावर टेकले, की दत्तूचा विषय निघतोच. त्याचे किस्से त्याच्या घामासारखेच! एक पुसावा, तर दुसरा हजर.

नव्वदनंतरची गोष्ट. आप्पांच्या घरात पुढच्या सोप्यात आम्ही पाचसहाजण चांदीची पैंजणं करायचो. बारीक बारीक कड्या जाळावर धरून सांधायच्या. वाऱ्यानं जाळ हलतो, म्हणून काम चालू असताना फॅन बंद. घाम सगळ्यांनाच यायचा. पण दत्तूची तऱ्हा निराळी. शर्ट कोरडा, हात कोरडे, आणि डोक्यातून, कपाळावरून, नाकाच्या शेंड्यावरून नुसती धार! थंडीतसुद्धा. आमचे मालक आप्पा रोज सकाळी बटनाला हात घालून म्हणायचे, "चला, फॅन बंद, दत्तू चालू!"

*

एकदा तापल्या पैंजणावर थेंब पडला. चर्रर्र! सांधा गेला.

आप्पा आतून ओरडले, "दत्तू, पैंजण करतोयस का भजी तळतोयस?"

आम्ही हसलो. दत्तूही हसला. दुसऱ्या दिवशी गडी कपाळाला जाड पट्टी बांधून, गळ्यात टॉवेल टाकून आला. मान अशी काही तिरकी धरायला शिकला, की धार कानामागून थेट टॉवेलात! मान तिरकी ठेवून एवढं सरळ काम करणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

*

त्याच्यासाठी हातकणंगल्याला पोरगी बघायला गेलतो. दत्तू, त्याची आई, आप्पा आणि मी. तिखट पोहे आले. पोरीच्या बापानं साधंच विचारलं, "पावणं, काय व्यसन?"

"न्हाई जी," दत्तू म्हणाला, आणि कपाळ डबडबलं.

"तंबाखू?"

"न्हाई." धार लागली.

"मग एवढा घाम का फुटलाय?"

बशीतल्या पोह्यांवर टपटप, टपटप. दोन दिवसांनी निरोप आला, पोरगा एक तर खोटं बोलतोय, न्हाईतर आजारी हाय.

निरोप यायच्या आधीच, पोरगी बघून परत येताना एसटीत दत्तू खिडकीकडं तोंड करून बसला होता. मला म्हणाला, "तात्या, आता मी पोरगी बघायला येत न्हाई. सगळी माझं कपाळच बघत्यात."

त्या दिवशी मात्र कुणी हसलं नाही.

*

त्याच्या आईनं हट्टानं त्याला कोल्हापूरला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. मीही गेलो.

बाईंनी विचारलं, "झोपेत येतो का घाम?"

दत्तू म्हणाला, "झोपेत मला कसं कळंल, बाई?"

"न्हाई येत," आई बोलली. "उशी कोरडी असती. मी रोज हात लावून बघते की!"

बाई तिच्याकडं बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "आजी, मला हेच पाहिजे होतं." रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. बाईंनी मला शाळा न शिकलेल्यालाही कळेल असं सांगितलं, "हा भित्रा नाही, खोटारडा नाही. ह्याच्या डोक्यातल्या घामाच्या गाठी जरा जास्तच कामसू आहेत. कुणी न सांगता ओव्हरटाईम करतात!"

एक लोशन दिलं. रात्री कपाळ अगदी कोरडं करून लावायचं, डोळ्यांत जाऊ द्यायचं नाही, सकाळी धुवायचं. कडक चहा कमी, तिखट कमी.

"जाईल का हो?" आईनं विचारलं.

"कमी होईल. पार जाईल असं मी सांगणार नाही."

दत्तू उठताना हात जोडून म्हणाला, "बाई, लोशन नेमानं लावतो. तांबड्या रश्श्याचं मात्र तुम्ही बोलला न्हाई, मी ऐकलं न्हाई!"

खरंच फरक पडला. एरवीची धार थेंबावर आली. मनात काही टेन्शन आलं, की मात्र पुन्हा चालू.

*

आमच्याकडं कारखान्यातला केरसुद्धा टाकत नाहीत. त्यात चांदीचा कीस असतो. केर जाळून, धुवून चांदी काढणारा माणूस एकदा आला आणि कोपऱ्यातले दत्तूचे फाटके टॉवेल बघून म्हणाला, "हीबी द्या इकडं."

राखेतून चांदीचा मणी निघाला! ओल्या कपाळाला उडालेला कीस चिकटायचा, तो पुसून पुसून टॉवेलात जमला होता.

आप्पांनी मणी तळहातावर घेतला. "बघा रं! आपल्या घामाचं मीठ होतंय, ह्याच्या घामाची चांदी!"

त्या दिवसापासून भज्यांचा विषय बंद झाला.

*

राधानगरीकडचं एक स्थळ आलं. दत्तू येईना. आईनं जेवण सोडलं, तेव्हा आला. या वेळी कुणी काही विचारायच्या आत स्वतःच बोलला, "मला डोक्याला लई घाम येतो. रोग न्हाई, भीती न्हाई. डॉक्टरला दावलंय. जन्मभर पुसत बसावं लागंल. पटतंय का बघा."

बोलता बोलता धार लागलीच. त्याच्या आईनं डोळे मिटून घेतले.

पाट सोडून पोरगीच बोलली. सुमन तिचं नाव. "आमच्याकडं चार म्हैने छत्री मिटत न्हाई. ह्येवढ्याशा पाण्याला कोण भितंय!"

*

लग्न मार्गशीर्षात, सुमनच्या गावी. थंडी अशी, की वऱ्हाडातली माणसं कानटोप्या काढायला तयार नव्हती. आमच्या टेम्पोत माझी शेजारीण गंगव्वा होती. निपाणीकडून नुकतीच हुपरीत राहायला आलेली. दत्तूला ती त्या दिवशीच पहिल्यांदा बघत होती.

पोरगी सासरी निघाली. सुमन आईच्या गळ्यात पडली, डोळे पुसले आणि गाडीजवळ आली. तिथं दत्तू उभा. मुंडावळ्या चिंब, गालांवरून धारा, हनुवटीवरून टपटप. सुमननं पदरानं त्याचं तोंड पुसलं. पुन्हा धार. तिनं पुन्हा पुसलं, सगळ्यांच्या देखत, हसत.

गंगव्वानं शालीच्या टोकानं आपलेच डोळे टिपले आणि माझ्याकडं वळून म्हणाली, "तात्या, लई लग्नं बघितली. पण पोरीच्या आईचं दुःख बघून नवरा एवढा रडल्याला आजच बघितला. पोरगी सुखात पडली बघा!"