चार नंबरची पिशवी

प्रयोगशाळेत सगळे तिला शिंपलेबाई म्हणत आणि ती खुशाल ओ देई. काम सरळ होतं. स्वच्छ खाडीतले शिंपले जाळीच्या पिशव्यांत भरायचे, बंदरात सहा ठिकाणी तरंगत्या पिंपांना बांधायचे आणि सहा आठवड्यांनी काढून, सोलून, वाटून यंत्राला द्यायचे. शिंपला सतत पाणी गाळतो आणि पाण्यातलं विष अंगात साठवतो.

"बाटलीत त्या क्षणाचं पाणी येतं," ती साहेबांना सांगे, "शिंपला दीड महिन्याच्या चुगल्या करतो. अगदी माझ्या जाऊबाईंसारखा."

चार नंबरची पिशवी धातूंना मुलामा देणाऱ्या कारखान्यासमोर होती. सलग दोनदा तिच्यातले शिंपले निम्मेच निघाले.

"कारखानाच पुरावा पळवतोय," साहेब गरजले.

बाईंना ते पटेना. कारखानदाराने अख्खी पिशवीच नेली असती. निम्मे मागे ठेवणारा चोर घरंदाज असणार. ती तडक कारखान्याच्या फाटकावर गेली. पहारेकरी म्हणजे तिचेच थोरले दीर. त्यांच्या चौकीमागे शिंपल्यांचा ढीग, आणि प्रत्येकावर तिनेच लाल नेलपॉलिशने घातलेला आकडा.

"भाऊजी, हे काय?"

"ओहोटीला हाताशी येतात गं. जरा तुरट लागतात, पण लिंबू पिळलं की झकास."

"त्यात कॅडमियम आहे. मूत्रपिंडांची वाट लागते."

भाऊजींनी ढीग पायाने दूर सारला. "पण आमचं पाणी स्वच्छ आहे! दर मंगळवारी तुमचाच माणूस बाटली भरून नेतो."

"मग शिंपल्यांत कुठून आलं?"

त्यांनी मागे वळून पाहिलं. "मोठा पाइप रविवारी दुपारी सोडतात. तुम्हा लोकांना सुट्टी असते ना."

पुढच्या रविवारी बाईंनी साहेबांना जेवणावरून उठवून होडीत बसवलं. पाइपातून हिरवं पाणी धो-धो येत होतं. आठवडाभरात कारखान्याला टाळं लागलं आणि भाऊजींची नोकरी गेली. जाऊबाईंनी चार महिने अबोला धरला. बाईंच्या मते लग्नानंतरची ती पहिलीच रजा.

भाऊजींची मूत्रपिंडं शाबूत निघाली. काही वेगळं खाता का, असं डॉक्टरांनी विचारलं, तर म्हणाले, "सरकारी पुरावा."

पुढे कारखान्याने पाणी शुद्ध करायची यंत्रणा बसवली आणि फाटक उघडलं. भाऊजींना मात्र परत घेतलं नाही. ते आता शाळेच्या बसवर असतात, आणि त्याबद्दल शिंपलेबाईला अधूनमधून टोमणा मारतात. ती उलट उत्तर देत नाही. तेवढं आपण ऐकून घ्यावं, असं तिला वाटतं.

वर्षाने चार नंबरचं कॅडमियम निम्म्यावर आलं. साहेबांनी पेढे मागवले.

"निम्मं म्हणजे अजून वाईटच," शिंपलेबाई म्हणाली, आणि दोन पेढे घेऊन होडीकडे गेली.