अर्धं अक्षर नवऱ्याचं

सेफ्रू गावच्या ज्यू आळीत रेब्बी माखलूफच्या जिन्यावर नेहमी कुणी ना कुणी बाई बसलेली असायची. कुणी नवी नवरी, कुणी लग्नाला बरीच वर्षं झालेली, पण सगळ्यांचा रुमाल कपाळावर पुढं ओढलेला, आपल्याला इथं कुणी पाहू नये म्हणून. मागणं एकच. मूल.

माखलूफ आळीचा धर्मगुरू. देवळातल्या पोथ्या लिहायचा आणि ताईतही लिहायचा. हरणाच्या कातड्याच्या बोटभर पट्टीवर बोरूनं हिब्रू अक्षरं काढायची, पट्टी गुंडाळून चांदीच्या नळीत घालायची, ती नळी बाईनं गळ्यात बांधायची. शाई करायचं काम त्याच्या बायकोचं, हनीनाचं. मायफळं कुटून, उकळून, त्यात डिंक घालून ती काळीभोर शाई घोटायची. जिन्यावरच्या बाईला पुदिन्याचा चहा द्यायचं काम तिचंच, आणि तिचं नाव विचारून घ्यायचंही. ताईतात बापाचं नाव चालत नाही. अमकी, तमकीची लेक, असं आईचं नाव लागतं.

पट्टी वाळेपर्यंत माखलूफ गोष्ट सांगायचा. "आपली सारा आधी सारा नव्हती, साराय होती. केस पिकले तरी कूस उजवली नव्हती. मग देवानं तिच्या नावातलं 'योद' अक्षर काढून घेतलं. आपली अक्षरं म्हणजे आकडेही असतात, योद म्हणजे दहा. त्याचे दोन भाग केले. पाच आणि पाच. पाच म्हणजे 'हे'. एक 'हे' तिच्या नावात घातलं, दुसरं नवऱ्याच्या. अब्रामचा अब्राहाम झाला. आणि मग घरात पाळणा हलला. 'हे' म्हणून बघ, मुली. ओठ हलत नाहीत, जीभ हलत नाही. नुसता श्वास. त्या श्वासातच जीव असतो."

हनीनानं ही गोष्ट किती वेळा ऐकली असेल! तिच्या गळ्यातही नळी होती, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नवऱ्यानं स्वतः लिहून बांधलेली. तिचा पाळणा काही हलला नव्हता.

"माझा मुलगा लोकांच्या घरी पाळणे हलवतोय," सासू, मसऊदा, शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची. "आमच्या घरी मात्र नुसता खलबत्ता हलतोय."

हनीना कुटत राहायची. दहा वर्षं संसार करून मूल झालं नाही तर नवऱ्यानं बायकोला सोडचिठ्ठी द्यावी, असं शास्त्र सांगतं. दहा वर्षं केव्हाच उलटली होती. मसऊदानं फेस शहरातली एक विधवा हेरूनही ठेवली होती, दोन मुलगे झालेली. माखलूफ हो म्हणत नव्हता, नाहीही म्हणत नव्हता. त्याचं ते गप्प राहणं हनीनाला सासूच्या बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

एके दिवशी दुपारी याकूत धाडधाड जिना चढून आली. खोगीरवाल्या शमऊनची ही बायको, विशीतली. तिनं गळ्यातला ताईत तोडून माखलूफच्या पाटीवर फेकला. दौत लवंडली.

"घ्या तुमचं अक्षर! माझा नवरा मला माहेरी धाडतोय. घरच्या बाईला एक पोर देता आलं नाही, आणि गावाला वाटत सुटलेत!"

ती आली तशी निघून गेली. माखलूफनं सांडलेली शाई पुसली नाही. त्यानं बोरू धुतला, फडक्यात गुंडाळला आणि फळीवर ठेवून दिला. त्या दिवसापासून जिन्यावर आलेल्या बायका चहा पिऊन तशाच परत जाऊ लागल्या.

"मी खोटारडा आहे," एवढंच तो म्हणाला.

हनीनानं थोडे दिवस वाट पाहिली. मग तो ताईत घेतला आणि नदीवर गेली. याकूत कपडे आपटत होती, डोळे सुजलेले.

"परत कशाला आणलात, मावशी? मला नको."

"नको तर नको. पण यात काय लिहिलंय ते तरी बघ."

"मला कुठं वाचता येतं?"

"मलाही नाही येत. पण तुझं नाव कुठंय ते मला ठाऊक आहे. मी समोर बसले होते ना." हनीनानं पट्टी उलगडली. "हे याकूत. आणि ही रहमा, तुझी आई. रहमाच्या शेवटी हे बघ 'हे'. डावीकडचा पाय वर छताला टेकत नाही. फट असते. टेकला की अक्षर बाद."

याकूतनं ओलं बोट परकराला पुसलं आणि आईच्या नावावरून हळूच फिरवलं. आई लहानपणीच गेली होती. "सासरी मला नावानं कुणी हाक मारत नाही," ती म्हणाली. "'वांझ' म्हणतात. 'ए वांझे, पाणी आण.' माझ्या आईचं नाव तर ह्या गावात कुणालाच माहीत नाही."

"आमच्या घरात माहीत आहे."

याकूत रडली, मग नाक शिंकरून म्हणाली, "एक विचारू, मावशी? रेब्बी म्हणतात, देवानं दोघांना एकेक 'हे' दिलं. मग शमऊनच्या गळ्यात का नाही काही?"

हनीना तिथंच दगडावर बसली. इतकी वर्षं ती गोष्ट ऐकत होती, आणि हा प्रश्न तिला एकदाही पडला नव्हता. परतताना मात्र तिची पावलं भराभर पडत होती.

"अहो," घरात शिरताच ती म्हणाली, "दोन 'हे' होते ना? दुसरं कुठं गेलं?"

माखलूफनं मान वर केली.

"एक साराचं, एक अब्राहामचं. तुम्हीच सांगता. आणि बांधता मात्र फक्त बायकांच्या गळ्यात. अर्धाच ताईत देता आणि तो फळला नाही म्हणून रडत बसता!"

"कुठला पुरुष घालणार?"

"तुम्ही."

माखलूफनं फळीवरच्या बोरूकडं पाहिलं. हनीना हळू आवाजात म्हणाली, "नाहीतर मला सोडचिठ्ठी लिहून द्या. तुमचं अक्षर सुरेख आहे. फेसची बाई येऊ दे. मी झुरत राहणार नाही, पण हे असं अधांतरी मला जमत नाही."

"वेडी आहेस," तो म्हणाला. "हिब्रूत 'पुरुष' लिहितो त्यात योद असतं. 'बाई' लिहितो त्यात 'हे' असतं. ती दोन मिळून देवाचं नाव. ती काढली की दोन्हीकडं उरतं ते 'आग'. ही अक्षरं मी जन्मभर जपून लिहिली. आता सोडचिठ्ठी लिहून माझ्याच हातानं खोडू?" आणि मग, "हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं."

"हो," हनीना म्हणाली. "हवं होतं."

गुरुवारी सकाळी माखलूफ प्रार्थनेला निघाला तेव्हा त्याच्या झग्यावर, सगळ्यांना दिसेल अशी, स्वतःसाठी लिहिलेल्या ताईताची चांदीची नळी लोंबत होती. मसऊदा दारात आडवी आली.

"अरे, काढ ते! लोक म्हणतील दोष माझ्या मुलात आहे!"

"म्हणू देत, सासूबाई," हनीना म्हणाली. "इतकी वर्षं माझ्यात आहे म्हणत होते. मी मेले का?"

त्या दिवशी देवळात प्रार्थनेत कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. कुणी हसलं, कुणी खाकरलं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "रेब्बी, आता बाळंतपणही तुम्हीच करणार का?" माखलूफ कानापर्यंत लाल झाला, पण नळी त्यानं काढली नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यानं लोकांसाठी पुन्हा ताईत लिहायला घेतले. आता नियम एकच होता: दोघं आल्याशिवाय ताईत नाही.

पहिले काही आठवडे जिना ओस पडला. हनीना मग दुकानोदुकानी जाऊ लागली. शमऊन खोगिराला टाका घालत असताना ती समोर उभी राहिली.

"माझ्यात काही खोट नाही, बाई," तो गुरगुरला.

"अब्राहामात होती का? तरी त्यानं देवानं दिलेलं अक्षर निमूटपणे घेतलं. तू त्याच्याहून मोठा?"

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. शमऊन चार दिवस कुढला, आणि मग मान खाली घालून जिना चढला. मागून याकूत. दोघांना एका पायरीवर बसवून हनीनानं चहा दिला आणि शमऊनला विचारलं, "बायकोच्या आईचं नाव काय?" त्याला येईना. याकूतनं सांगितलं. हनीनानं ते त्याच्याकडून मोठ्यानं म्हणवून घेतलं.

सगळ्यांना मुलं झाली असं नाही. पण बायकांना माहेरी धाडणं आळीत कमी झालं. ज्याच्या स्वतःच्या गळ्यात नळी आहे, तो बायकोला कुठल्या तोंडानं वांझ म्हणणार? याकूतला मात्र तिसऱ्या वर्षी मुलगा झाला. आठव्या दिवशी सुंता, तेव्हा बाळाला बायकांतून पुरुषांत नेऊन देण्याचा मान तिनं हनीनाला दिला. मूल नसलेल्या बाईला तो मान दिला की तिचीही कूस उजवते, असं म्हणतात. हनीना तेव्हा चाळिशीला टेकली होती. बाळ हातात घेऊन ती उंबऱ्यापर्यंत गेली, पलीकडं माखलूफ हात पुढं करून उभा होता. ते बाळ त्याच्या हातांत देताना तिला ते सोडवेना, हे मसऊदानं पाहिलं. घरी आल्यावर म्हातारीनं सुनेच्या हातातला बत्ता घेतला आणि स्वतः मायफळं कुटत बसली.

हनीनाला मूल झालं नाही. पुढं आळीतली घरं एकेक करून देशांतराला निघाली, तेव्हा मसऊदा अंथरुणाला खिळली होती, म्हणून ही दोघं मागं राहिली. म्हातारीला भरवायचं, न्हाऊ घालायचं हनीनानंच केलं. "माझी लेक कुठंय?" मसऊदा शेवटी शेवटी विचारायची. तिला लेक नव्हती. आळीत उरलेल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं, तरी ती कुणाला बोलावतेय ते कुणालाच विचारावं लागत नसे.