मोजणीनानांचा फासा

मोजणीनानांनी "लांब आहे" असं कधी म्हटलं नाही. बाजार किती लांब विचारलं तर "अकराशे पावलं, तुझी तेराशे." साक्रीकडचे, जमीनमोजणीत हयात गेलेली, निवृत्त होऊन धुळ्यात आमच्या शेजारी राहिले.

त्यांचा पुतण्या बोटीवर नोकरीला, त्याने एक इंग्रजी पुस्तक आणलं होतं. खेळाचं, पण त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं कुणीतरी व्हायचं आणि अडेल तिथं फासा टाकायचा. नानांनी डिक्शनरी घेऊन त्याची वही केली. सातपुड्यात दिवसात किती चालता येतं, पाठीवर किती ओझं, सगळे तक्ते. शिसवीचा फासा यासीनभाई सुतारांनी करून दिला, ठिपके कोरलेला. दुपारी माझी शिलाई उरकली की आम्ही तिघं बसायचो. फासा स्टीलच्या ताटात टाकायचा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

खेळात यासीनभाई सरदार झाले होते. सहा महिने जपलेला सरदार तापीच्या पुरात उतरला आणि फाशावर एक पडला. वहीत स्पष्ट होतं : पुरात एक, माणूस गेला.

"नाना, एक डाव परत!"

"नियम तो नियम."

"माझ्याच फाशानं मला मारलं," म्हणत यासीनभाई उठले, ते पंधरा दिवस फिरकले नाहीत.

मग नानांची नजर गेली. वही वाचवेना, म्हणून गोष्ट सांगणं माझ्याकडे आलं. मला कुठले तक्ते जमायला! मी आपली विचारायची, पहारेकऱ्याला काय बोललात? बोलणं पटलं की दार उघडायचं. माझ्याकडे माणसं हरवायची, पण मरायची नाहीत.

"हाई कीर्तन शे, खेळ नही," नाना अहिराणीत कुरकुरायचे.

"आणि तुमचं ते तलाठ्याचं दप्तर!" मी म्हणायची. शेवटी तडजोड झाली. गोष्ट माझ्या पद्धतीने, पण पुराचा नियम त्यांचा.

नाना आता भिला नावाचा वाटाड्या होते. भिलाला तापी ओलांडून घरी जायचं होतं. तोवर नाना अंथरुणाला खिळले होते. डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्यांनाही ठाऊक होतं. "भिलाला घरी पोचवून घेऊ," एवढंच म्हणाले.

बाजेवर ताट ठेवलं. त्यांनी फासा टाकला. एक.

"चार," मी म्हणाले.

नानांनी मान वळवली. "यासीन, तू सांग."

यासीनभाई ताटाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस खरं बोलणार, आणि त्याचा हक्कच होता.

"चारच आहे, नाना."

नानांचा हात चाचपडत ताटात आला. फासा न हलवता अंगठा वरून फिरला आणि त्या एकुलत्या खळग्यावर थांबला.

"चार ना? मग चार. भिला घर गया." हात मागे घेतला, आणि म्हणाले, "सुमन, मग यासीनना सरदारले बी पूरमातून काढ बाहेर."

यासीनभाईंनी टोपी काढून डोळ्यांना लावली.

नाना आठवड्यात गेले. वही माझ्याकडे आहे. पुराचा नियम खोडावा का, मी यासीनभाईंना विचारलं होतं.

"राहू द्या," ते म्हणाले. "नानांचं अक्षर आहे."