खाली पाहणारे दिवे

नालवाडीच्या रस्त्यावर बाबांचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. नव्वदच्या दशकात जीप, ट्रक, मेटाडोर, सगळ्यांचा आजार ते एकाच हत्याराने शोधत: दोन वायरी जोडलेला बल्ब. तारेला टोचायचा, पेटला तर करंट आहे, नाही पेटला तर नाही. आमच्याकडचे सगळे मिस्त्री असंच काम करत.

दोन हजारनंतर तळेगावच्या एका व्यापाऱ्याची परदेशी बनावटीची गाडी आली. तिच्या मागच्या चाकाजवळ सेन्सर होता. मागे वजन पडलं की तो पुढचे दिवे आपोआप खाली झुकवायचा, वजन उतरलं की वर आणायचा. आता दिवे खालीच अडकले होते.

"मिस्त्री, लाजून राह्यली का हे? मान वर करतच नाई," ड्रायव्हर म्हणाला.

"तुह्या हाती पडली, काय करन बिचारी," म्हणत बाबा गाडीखाली शिरले.

फ्यूज चांगला होता. सेन्सरच्या प्लगमध्ये मात्र हिरवा गंज चढला होता. बाबांनी तो घासून काढला आणि खात्री करायला, सवयीने, बल्बचं एक टोक बॅटरीला आणि दुसरं त्या बारीक तारेला लावलं. बल्ब जरासा मिणमिणला आणि विझला. गंज निघाला तरी दिवे हललेच नाहीत.

ड्रायव्हर गाडी नागपूरला घेऊन गेला आणि परतताना मुद्दाम दुकानात आला. "तिथला मिस्त्री म्हने, रोग गंजाचाच होता. पन कोनं तरी बल्ब लावून त्या बारीक तारेत बॅटरीचा करंट सोडला अन् दिव्यांचा आतला कंट्रोल बॉक्स जाळला. मी शेठजवळ तुमचं नाव नाई घेतलं."

"घेजो," बाबा म्हणाले. "मीच जाळला."

मी संतापलो. वायरिंगचे नकाशे कंपन्या फक्त आपल्या शोरूमला देतात आणि रस्त्यावरच्या मिस्त्र्याला अडाणी ठरवतात. ज्ञान कोंडून ठेवणं हीच खरी चोरी, असं मी मिस्त्र्यांत वाटायला काढलेल्या पत्रकात लिहिलं. आजही माझं तेच मत आहे. बाबांनी ते उभ्याउभ्या वाचलं.

"बरोबर लिवलं. पन हे छापून माह्ये हात नवं काम शिकनार हायेत का?"



पुढे नवी गाडी दारात थांबली की ते बसल्या जागेवरूनच म्हणत, "नागपूरले न्या." एकाचा नुसता हॉर्न वाजत नव्हता. बाबांनी बॉनेटही उघडायला लावलं नाही.